दुसऱ्याच्या जिभेचा मेथांबा

गडचिरोलीच्या त्या शाळेत मला त्या दिवशी जेवायला बोलावलं होतं, कामाला नव्हे. ऐकणाऱ्याला हा फरक किरकोळ वाटेल. मला तो इतका मोठा वाटला होता, की आदल्या दिवसापासून माझं कामात लक्ष लागत नव्हतं.

शाळा म्हणजे स्वयंपाक शिकवणारी शाळा. वर्षभराचा कोर्स, जंगलातल्या गावांतून आलेली पोरं-पोरी, राहायला वसतिगृह, आणि शेवटी परीक्षा. तिथल्या स्वयंपाकघरातली गॅसची लाइन मी टाकली होती. मागच्या शेडमधल्या सिलिंडरांपासून आतल्या शेगड्यांपर्यंतचा पाइप, प्रत्येक शेगडीचा कॉक, भांडी घासायच्या ओट्यावरचे नळ, सगळं माझ्या हातचं. साबणाचा फेस लावून एकेक जोड तपासून दिला, तेव्हा तिथले शिकवणारे सर म्हणाले, "परीक्षेच्या जेवणाला या. मुलं पाहुण्यांसाठी रांधतात. तुमच्या शेगडीवरचं तुम्ही खायला नको?" मी हो म्हणालो, आणि सावली, मूल ही गावं मागे टाकत चंद्रपूरला येईपर्यंत एसटीत विचार करत बसलो, की हे बोलावणं होतं की नुसतं बोलणं. पुढे सरांनी माझ्या ठेकेदाराकडे फोन करून दिवस कळवला, तेव्हा खात्री पटली.

मी मूळचा वेंगुर्ल्याकडचा. सातवीनंतर माझी शाळा सुटली ती सुटलीच. मामा ऊर्जानगरला वीज केंद्राच्या कामावर फिटर होते, त्यांनी मला बोलावून घेतलं. खाऱ्या वाऱ्यातलं पोर कोळशाच्या धुळीत येऊन पडलं. भाषा मराठीच, पण पहिलं वर्षभर मला कुणी काही विचारलं की मी आधी हो म्हणायचो आणि मग अर्थ लावायचो. मामा पुढे गावी परतले, मी राहिलो. हाताला काम बसलं होतं, आणि चंद्रपुरात एका शिंप्याच्या घरी वरची खोली मिळाली होती.

त्या घराचे उपकार मी मोजत नाही, मोजायला गेलो तर कमी पडेन. चाचा खाली मशीन चालवायचे, चाची मला खोलीसोबत जेवणही द्यायची. ताट ओट्याच्या कडेला ठेवायची आणि विचारायची, कैसा है. मी म्हणायचो, अच्छा है. रोज. दालचा असो, खिचडी असो, करपलेली भाजी असो. लहानपणापासून दुसऱ्याच्या घरी जेवलेल्या माणसाची ही सवय असते. तो खाण्याकडे बघतच नाही, वाढणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघतो. चाचीला ते कळत होतं. "तुझे क्या पूछना रे," ती म्हणायची. "पत्थर उबाल के दी, तो बी बोलेगा अच्छा है चाची. जिसका सबी अच्छा, उसका अच्छा किस काम का?"

परीक्षेच्या दिवशी चाचांनी मला नवा शर्ट शिवून दिला. निघताना माझ्या खांद्यावरची पिशवी त्यांनी हातानं जोखली. "मेहमान बन के जा रहा है, और पाना ले के जा रहा है?"

"असू दे चाचा."

"बगैर पाने के तेरे को डर लगता है क्या?"

भीती वाटत होती. पाना, पक्कड आणि बर्नरची भोकं साफ करायची बारीक तार पिशवीत होती. ती सोबत असली, की मी तिथे कशासाठी आहे हे कुणाला सांगावं लागत नाही.

एप्रिल होता. शाळेच्या लांब खोलीत टेबलं जोडून पांढरी चादर अंथरली होती. प्रत्येक ताटापुढे पंख्यासारखा घडी केलेला रुमाल उभा होता, डाव्या हाताला काटे, उजव्या हाताला सुरी आणि चमचे. माझ्या शेजारची खुर्ची एका निवृत्त रेंजर साहेबांची होती. अंगानं जाड, मिशा पिकलेल्या, बोलणं सैल. मी रुमालाला हात लावायला धजत नव्हतो, घडी मोडली तर पुन्हा घालता येणार नव्हती.

"मोडा ना बावा," ते म्हणाले. "मोडाले तं ठेवला हाय. अन् ते काटे-सुरी तुमच्या पान्याहून सोपे हायेत."

माझी पिशवी खुर्चीखाली होती आणि तिचं तोंड उघडं होतं. मी पायानं ती आत सरकवली.

टेबलाच्या टोकाला परीक्षक मॅडम बसल्या होत्या. नागपूरहून आलेल्या, केस पांढरे, चष्म्याला गळ्यातली दोरी. त्यांच्यापुढे एका काचेच्या पेल्यात स्वच्छ चमच्यांचा जुडगा उभा होता. तो कशासाठी, ते मला तेव्हा कळलं नाही. पांढऱ्या टोप्या घातलेली पोरं सार घेऊन आली. वाढताना ती वाटीवरून नजर काढत नव्हती, आणि घेताना मीही. एका पोरानं माझ्या वाटीत सार ओतलं, काठावर एक थेंब पडला, आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि मी तो अंगठ्यानं पुसून टाकला. तिथे पहिल्यांदा मला जरा बरं वाटलं.

सार संपत आलं, तेवढ्यात सर मागून वाकून माझ्या कानाशी आले. "माफ करा, पाहुण्याला उठवतोय. तिसऱ्या शेगडीची आंच बसली. बघता का जरा?"

खरं सांगतो, सुटलो असं वाटलं. पिशवी उचलली आणि मी सरांच्या मागे चालू लागलो.

स्वयंपाकघरात मला सगळं ओळखीचं होतं. पोरं आपापल्या शेगडीपुढे उभी, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. परीक्षेचा तसा नियमच होता, एकमेकांना विचारायचं नाही, शिक्षकांना विचारायचं नाही. तिसऱ्या शेगडीशी विशीतली एक मुलगी उभी होती. तिच्यापुढे लहान पातेलं, आणि पातेल्याखाली पिवळी, आजारी आंच. काहीतरी उतू जाऊन बर्नरची भोकं बुजली होती. मी कॉक बंद केला, बर्नर कपड्यानं धरून काढला, तार फिरवली, झटकला, बसवला. आंच निळी झाली. तेवढ्यात मॅडमनी बोलावलं म्हणून सर बाहेर गेले.

मी हात पुसत होतो. मुलीनं दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"भाऊ, तुमी परीक्षेतले नाई ना जी?"

"मी? नाही. मी पाहुणा आहे."

"मास्तर बी नाई?"

"मी गॅसवाला."

"मंग चाखा," ती म्हणाली आणि चमचा माझ्यापुढे धरला.

मेथांबा होता. कैरीच्या फोडी, गूळ, मेथी-मोहरीची फोडणी. मी तो आईच्या हातचा खाऊन मोठा झालो आणि त्यानंतर कित्येक वर्षांत बघितलाही नव्हता. जंगलाच्या या कडेला, माझ्याच पाइपातल्या गॅसवर, तो समोर आला. मी चमचा तोंडात घातला.

"छान आहे," मी म्हणालो.

"छान नका म्हनू. मीठ सांगा."

"ठीक आहे."

"ठीक मंजे? कमी का जास्त?"

"तू स्वतः बघ की."

"मले नाई चालत," ती म्हणाली. आवाज हळू होता, पण त्यात कुठेही विनवणी नव्हती. "आमच्यात आंब्याचा पंडुम असते. सन असते तो. गावाचा पुजारी दिवस ठरवते. पहिला आंबा देवाले अन् आमच्या गेलेल्या मान्साइले देतो, मंग आपन खातो. कच्चा बी नाई, पिकला बी नाई. आमच्या गावचा अजून झाला नाई."

"आणि तू कैरी शिजवतेयस."

"चिठ्ठी आली तशी. वाटीतून चिठ्ठ्या उचलाच्या होत्या. माह्या मैत्रिणीले भरलं वांगं आलं, मले हे." तिनं पातेल्याकडे बघितलं. "माही आजी असती तं हात बी नसता लावला. मी हाताची सूट घेतली परीक्षेपुरती. जिभेची नाई घेत."

"मग आतापर्यंत कसं केलंस?"

"वासावर करून राह्यली. पन वासात मीठ नाई कळत."

मला एक शहाणपणा सुचला. "तोंडात घे आणि थुंकून टाक."

तिनं माझ्याकडे असं बघितलं, की मी दुसरा शहाणपणा गिळून टाकला. "थुंकलं तं जिभेले कळलंच नाई, असं होते का भाऊ?"

मग तिनं घाईघाईत, पण एकेक शब्द सुटा करून, सगळं सांगितलं. जेवण झाल्यावर प्रत्येकानं आपला पदार्थ मॅडमपुढे न्यायचा आणि त्यात काय लागतं, काय चुकलं, ते आपणहून सांगायचं. मॅडमनी चूक काढायच्या आधी. पास झाली तर ऊर्जानगरच्या गेस्ट हाऊसच्या स्वयंपाकघरात तिची जागा ठरली होती. नापास झाली, तर परत गावी. "अन् बाप म्हनते, एकदा घरी आली तं मंग पुन्हा नाई पाठवत. तुमी छान म्हनलं तं मी त्याइले काय सांगू? छान?"

ऊर्जानगर म्हटल्यावर मला माझे पहिले दिवस आठवले, बसमधून उतरलो तेव्हा दिसलेली वीज केंद्राची उंच चिमणी, आणि मामाचा हात. पण त्या क्षणी मला घाबरवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. माझ्या तोंडातून जे निघेल, त्यावर ही मुलगी उभी राहणार होती. आजवर माझ्या चवीवर कुणाचं काही अडलं नव्हतं.

मी दुसरा चमचा मागितला. या वेळी तिच्या चेहऱ्याकडे न बघता, भिंतीवरच्या माझ्या पाइपाकडे बघत खाल्लं. आईचा मेथांबा आठवायचा प्रयत्न केला. तो तोंडात कसा यायचा, कुठून सुरू व्हायचा.

"आधी आंबट लागतं," मी म्हणालो. "खूप आंबट. मागून गूळ यायला हवा, तो येत नाही. आणि सगळं गिळल्यावर मेथीचा कडूपणा घशाशी बसून राहतो."

"मीठ?"

"कमी आहे."

"नक्की?"

"कमी आहे," मी पुन्हा म्हणालो, आणि माझाच आवाज मला अनोळखी वाटला.

ती ओठ हलवून माझेच शब्द पुटपुटत होती, आधी आंबट, मागून गूळ. तोच बाहेर सरांची चप्पल वाजली. मी पिशवी घेऊन निघालो. पुढे तिनं काय केलं ते मी बघितलं नाही.

"कुठी गेलते?" रेंजर साहेबांनी विचारलं. "मले वाटलं पळाले."

"शेगडी विझत होती."

"पाहुना बनवून बोलावते अन् काम करून घेते. सरकारी शाळा हाय बावा."

ताटं आली. चपाती, वरण-भात, भरलं वांगं, बटाट्याचा रस्सा, आणि ताटाच्या डाव्या कडेला चमचाभर मेथांबा. मी काटा बाजूला ठेवला आणि हातानं जेवलो. रेंजर साहेब आधीच हातानं जेवू लागले होते. जेवण चांगलं होतं. वांगं तर असं, की मी चाचीसाठी मनात नोंद केली. पण माझं सगळं लक्ष लोकांच्या ताटाच्या डाव्या कडेकडे. कोण मेथांबा घेतो, घेतल्यावर चेहरा कसा होतो. समोर बसलेल्या एका डॉक्टरीणबाईंनी संपवला. रेंजर साहेबांनी संपवला आणि पाणी मागितलं. मॅडमनी थोडा खाल्ला, पाण्याचा पेला उचलला, पुन्हा थोडा खाल्ला.

ताटं उचलली गेली. आम्ही उठू लागलो तर मॅडम म्हणाल्या, "बसा. परीक्षा आता आहे."

पोरं एकेक करून आपापली वाटी घेऊन येऊ लागली. मॅडमच्या पेल्यातला चमचा घ्यायचा, सगळ्यांदेखत चाखायचं आणि सांगायचं. पहिल्या पोरानं रस्सा चाखला. "थोडा पातळ झाला, मॅडम."

"का?"

"पाहुने जास्त आले."

"पाहुणे तेवढेच आहेत. पाणी जास्त आलं."

सगळे हसले, पोरही हसलं, आणि पुढचं आलं. मग ती आली.

तिनं चमचा घेतला, वाटीत बुडवला, ओठांपर्यंत नेला, आणि तिथेच धरून बोलू लागली. आधी आंबट लागते. मागून गूळ येते. मेथी शेवटी लागते पन कडू नाई. एकही शब्द अडखळला नाही.

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "तुझा चमचा अजून भरलेला आहे."

तिनं चमचा ओठांपासून खाली आणला.

"चाख."

"नाई चाखत, मॅडम."

"का? स्वतः केलेलं खायला नको वाटतं? आणि पाहुण्यांना वाढलंस?"

"नको नाई वाटत. आमच्या गावचा पंडुम झाला नाई अजून."

मॅडमना ते कळलं नाही. सर पुढे आले, मला माहीत नव्हतं मॅडम, हिनं सांगितलंच नाही, असं काहीतरी बोलू लागले. तेव्हा रेंजर साहेबांनी खुर्चीतूनच सांगितलं, "खरं बोलून राह्यली ते. मी भामरागडकडे होतो तवा पाह्यलं. पंडुम होईपर्यंत लोक झाडाखाली पडलेली कैरी बी तोंडात नाई घालत. लेकरं सुदीक."

मॅडमनी तिच्या हातातल्या भरलेल्या चमच्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "तुझा नेम तू पाळ, मी मोडायला सांगणार नाही. पण न चाखता वाढलेलं अन्न मी पास कसं करू? आणि आत्ता तू जे म्हणालीस ते तुझ्या जिभेचं नाही. कुणाच्या?"

मुलीनं मान खाली घातली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर सोपं झालं असतं, तिनं दाखवलं म्हणून मी उठलो असं झालं असतं. तिनं मला मोकळं सोडलं होतं. मी बसून राहिलो असतो तरी चाललं असतं, आणि ती मुकाट परत गेली असती.

मी उठलो. खुर्ची फरशीवर करकरली. रुमाल शर्टाच्या बटणात अडकून माझ्यासोबत उठला.

"माझ्या, मॅडम."

"तुम्ही कोण?"

"मी इथली गॅसची लाइन टाकली."

"आणि परीक्षा चालू असताना आत कसे?"

"शेगडी विझत होती. सरांनीच नेलं."

सरांनी मान हलवली. मॅडम त्यांच्याकडे वळल्या. "नियम काय आहे?"

"एकमेकांना विचारायचं नाही, आणि आम्हाला विचारायचं नाही."

"फिटरला विचारू नये, असं कुठे म्हटलंय का?"

"नाही, मॅडम."

"पुढच्या वर्षी म्हणून ठेवा," रेंजर साहेब म्हणाले. त्यावर मॅडमही किंचित हसल्या, पण चमच्यांचा पेला त्यांनी माझ्याकडे सरकवला.

"तू दाराशी जाऊन उभी राहा," त्या मुलीला म्हणाल्या. मग मला, "आत असताना चाखलंत तेव्हा काय लागलं होतं?"

मी सांगितलं. आंबट, गूळ मागे नाही, कडूपणा घशाशी, मीठ कमी.

"आता चाखा. काय बदललं?"

तेवढ्या माणसांसमोर मी चमचा तोंडात घातला. 'छान' हा शब्द दातांमागे येऊन उभाच होता. सगळ्या आयुष्याची सवय ती. मी त्याला थांबवलं. मेथांबा जिभेवर फिरू दिला. "गूळ आलाय मागून," मी म्हणालो. "कडूपणा गेलाय, पण मेथीचा वास आहे. नुसत्या गुळानं एवढा कडूपणा जात नाही. तिनं मेथीचे दाणे काढले असावेत. सगळे नाहीत."

"मीठ?"

"आता बरोबर आहे."

"बरोबर?" मॅडमनी पाण्याचा घोट घेतला.

"माझ्या जिभेला."

"हं," त्या म्हणाल्या, आणि मुलीला बोलावलं. "हे आत आले होते, त्यानंतर तू काय केलंस?"

"गुळाचा खडा घातला. मीठ घातलं. मेथीचे दाने चमच्यानं टिपून काढले, थोडे ठेवले वासासाठी. मंग झाकन ठेवून उतरवलं."

रेंजर साहेबांनी माझ्या बटणातला रुमाल सोडवून टेबलावर ठेवला.

"चाखण्याचे गुण मी तुला देऊ शकत नाही," मॅडम म्हणाल्या. "तिथे शून्य. पण दुसऱ्यानं सांगितलेलं ऐकून नेमकी दुरुस्ती करणं, हे माझ्या कित्येक विद्यार्थ्यांना चाखूनसुद्धा जमलेलं नाही. त्याचे देते."

"पास का, मॅडम?" मुलीनं सरळ विचारलं.

"पास. काठावर."

"काठ बी चालते," ती म्हणाली, आणि वाटी घेऊन आत गेली. माझ्याकडे तेव्हाही बघितलं नाही.

मॅडम सरांना सांगत होत्या, की पुढच्या वर्षी परीक्षा त्या सणानंतर ठेवा. सर म्हणाले, "सण प्रत्येक गावाचा वेगळ्या दिवशी, मॅडम." मॅडमनी कपाळाला हात लावला. "मग निदान चिठ्ठ्या काढायच्या आधी विचारत जा."

त्या संध्याकाळी चाचीनं ताट ठेवलं आणि सवयीनं विचारलं, कैसा है. मी डाळ खाल्ली. "नमक कम है, चाची."

चाचीचा हात हवेत थांबला. "सुनते हो?" तिनं खाली हाक मारली. "लडका बोलने लगा." मग स्वतः बोट बुडवून चाखलं. "कम नई है. तेरा मुंह खारा है, समंदर वाले." पण मिठाची वाटी तिनं माझ्यापुढे आपटली, आणि त्या दिवसापासून ती माझ्या ताटाशेजारीच राहिली.

जूनच्या आधी ऊर्जानगरच्या गेस्ट हाऊसमधून निरोप आला, स्वयंपाकघरात एक नळ गळतोय. मी गेलो. ओट्याशी तीच उभी होती, डोक्यावर पांढरी टोपी, अंगावर स्वच्छ ॲप्रन. नळ गळत होता, हे खरं. पण मी वायसर बदलून उभा राहिलो तेव्हा तिनं पुढे वाटी ठेवली. मेथांबा.

"पंडुम झाला," ती म्हणाली. "गावाले जाऊन आली. आता मले चालते."

"मग खाल्लास का?"

"सकाळी केला. त्या दिवशीसारखाच. तेवढाच गूळ, तेवढंच मीठ, तेवढीच मेथी टिपली. म्हनलं, आपन त्या मान्साइले खाऊ काय घातलं, ते तं पाहू."

"आणि?"

तिनं माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच, नीट. "मीठ जास्त होतं, भाऊ. लय जास्त. तुमी कमी म्हनलं अन् मी मुठीनं घातलं."

मला रेंजर साहेबांचं पाणी आठवलं, मॅडमचा पाण्याचा पेला, आणि चाचीचं बोट. "पण सगळ्यांनी संपवलं," मी म्हणालो.

"पाहुने होते ते. पाहुने छानच म्हनते." ती हसत होती. "मॅडमले कळलं असन का?"

"कळलं होतं. म्हणूनच काठावर."

"मंग सांगलं काऊन नाई त्याइनं?"

मी पान्यानं नळ आणखी एकदा आवळला. तिनं चमचा पुढे केला. मी खाल्लं. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही, नळाकडे बघितलं. तो आता कोरडा होता.

"मला अजूनही बरोबर लागतं," मी म्हणालो. "पण फोडणीतली मोहरी तडतडली नाही नीट."

तिनं वाटी ओढून घेतली, स्वतःचा चमचा भरला, तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिली.

"हो जी," ती म्हणाली. "मोहरी कच्चीच राह्यली."